उथळ पाण्यातील त्रिशूळ

ग्रीक देवतांची चित्रे चाळताना समुद्रदेव पोसायडनच्या हातातील त्रिशूळ पाहून आपल्याकडील भाविक मनुष्य क्षणभर थबकतो. परक्या देशात घरचे माणूस भेटावे तसे त्यास वाटते. परंतु हे साम्य आकाराचे आहे, कुळाचे नाही. शिवाचा त्रिशूळ हे संहाराचे आयुध असून त्याच्या तीन अग्रांत आपल्या परंपरेने तीन गुणांचा अर्थ पाहिला. पोसायडनचा त्रिशूळ मुळात कोळ्याचे हत्यार आहे. काटेरी दातांचा हा भाला घेऊन होडीच्या नाळेवर उभे राहावे आणि खालच्या स्वच्छ पाण्यातील मासा नेमका टिपावा, हा एजियन समुद्रातील बेटांचा अतिप्राचीन उद्योग होय. कोळ्याच्या होडीतून ते देवाच्या हाती गेले आणि देवाच्या हातून पुन्हा, आजच्या काळात, सुटीसाठी बेटावर उतरलेल्या प्रवाशाच्या हाती आले. ह्या प्रवासाची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे. ती सांगताना आम्हांस मृगयेपेक्षा कायद्यात अधिक रस आहे, हे वाचकांनी आमच्या व्यवसायाकडे पाहून क्षम्य मानावे.

प्रथम समुद्राचा स्वभाव पाहू. एजियन समुद्रातील बेटांवर मोठ्या नद्या नाहीत, गाळ नाही, भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी वीतभरच. पाण्यात पोषक द्रव्ये कमी असल्याने ते काचेसारखे निवळ दिसते, आणि त्याच कारणाने त्यात मासळीही बेताचीच असते. आपल्या किनाऱ्याची गोष्ट उलट आहे. मांडवी-जुवारीसारख्या नद्या पावसाळ्यात डोंगराची माती समुद्रात ओततात. पाणी गढूळ, पण मासळीने समृद्ध. म्हणून आपल्याकडे रापण, पागेर आणि गरी ह्यांची परंपरा वाढली, आणि तेथे जाळ्याबरोबर भाल्यालाही मान मिळाला. जसा समुद्र तसे हत्यार.

थेरा, म्हणजे आजचे सँटोरिनी, हे बेट ख्रिस्तपूर्व सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास एका प्रचंड ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यातील अक्रोतिरी नावाच्या नगराचे उत्खनन स्पिरिडन मारिनाटोस ह्यांनी १९६७ साली सुरू केले. तेथील एका घराच्या भिंतीवर एक नग्न युवक रंगविलेला सापडला. त्याच्या दोन्ही हातांत दोरीत ओवलेल्या माशांचे घोस आहेत. मिलोस बेटावरील फिलाकोपी येथे त्याआधीच उडत्या माशांचे भित्तिचित्र मिळालेले होते. बेटावरील माणसे मासळीकडे किती आवडीने पाहत होती, ह्याची ही साक्ष.

परंतु होमरच्या महाकाव्यांत पाहावे तर वीरपुरुष मासे खात नाहीत. ते बैल आणि मेंढे भाजतात. गळ टाकण्याची पाळी त्यांच्यावर येते ती उपासमारीतच. पाण्यात बुडी मारून शिंपले काढणाऱ्याचा उल्लेख इलियडमध्ये येतो तो रथावरून कोसळलेल्या शत्रूची थट्टा करण्यासाठी. ओडिसीमध्ये लेस्ट्रिगॉन नावाचे नरभक्षक राक्षस ओडिसियसच्या सोबत्यांना माशांप्रमाणे भाल्याने टोचून नेतात. ज्या कवीने ही उपमा योजली, त्याने भाल्याने मासे मारणारे लोक प्रत्यक्ष पाहिले असले पाहिजेत. बिळातून ओढून काढलेल्या अष्टपादाच्या चोषकांना बारीक खडे चिकटून येतात, हेही त्याने टिपले आहे. ही उपमा सुचण्यास किनाऱ्यावर बसून पाहिले पाहिजे.

ह्या विषयाचे पहिले शास्त्रशुद्ध वर्गीकरण कोळ्याने केले नाही, तत्त्वज्ञाने केले, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. प्लेटोने 'सोफिस्ट' ह्या संवादात व्याख्या कशी करावी ह्याचा नमुना म्हणून मासेमारी घेतली. मासे पकडण्याचे त्याने दोन भाग केले: जाळे, टोपल्या वगैरे साधनांनी कोंडून पकडणे आणि आघाताने पकडणे. आघाताचे पुन्हा दोन भाग: रात्री अग्नीच्या उजेडात मारणे आणि दिवसा काटेरी हत्याराने मारणे. दिवसाच्या प्रकारातही वरून खाली होणारा आघात त्रिशूळाचा आणि खालून वर ओढणारा आघात गळाचा. एखादा जुना न्यायाधीश दाव्यातील मुद्दे काढतो तशी ही मांडणी आहे.

'लॉज' ह्या उतारवयातील ग्रंथात तोच प्लेटो कायदेकर्ता होतो. तरुणांना सागरी शिकारीचा मोह पडूच नये, अशी इच्छा तो आरंभी व्यक्त करतो. शिकारी झोपला तरी ज्या टोपल्या त्याच्यासाठी शिकार करीत राहतात, त्यांस तो आळशाचे साधन मानतो. जमिनीवर रात्री जाळी आणि फासे लावणाऱ्यास तो कोठेही थारा देत नाही. मासेमारीला मात्र तो सशर्त परवानगी देतो. बंदरांत, पवित्र नद्यांत, पवित्र तळ्यांत आणि दलदलींत मासे मारावयाचे नाहीत. आणि कोठेही मारले तरी वनस्पतींचा रस कालवून पाणी नासवावयाचे नाही. ह्या नियमांतून तीन मर्यादा स्पष्ट होतात: स्थळाची, काळाची आणि साधनाची. आमच्या मते ह्या तीन मर्यादांच्या पलीकडे जलचरांविषयीच्या कायद्याने आजपर्यंत फारसे काही नवे सांगितलेले नाही. हिंदुस्थानात १८९७ साली झालेल्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेही सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे हाच मुख्य अपराध ठरविला. प्लेटोचा रस आणि १८९७ चे विष ह्यांत तत्त्वतः अंतर नाही.

स्थळाच्या मर्यादेचा विचार मंदिराशी नाते असलेल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानियस सांगतो की, एलुसिसच्या वाटेवरील रीटॉय नावाचे ओहोळ डिमिटर आणि तिची कन्या ह्यांचे असून त्यांतील मासे धरण्याचा अधिकार केवळ पुजाऱ्यांचा होता. लॅकोनियातील एका गावी पोसायडनचे तळे होते. त्यातील मासा काढणारा स्वतः मासा होतो, अशी लोकांची समजूत असल्याने कोणी हात लावीत नसे. स्मिर्ना येथे, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये, सापडलेल्या एका शिलालेखात देवीच्या पवित्र माशांना इजा करणाऱ्यावर शाप उच्चारलेला आहे: त्याचा वाईट रीतीने नाश होवो आणि तो माशांचे भक्ष्य होवो. त्यातला मासा आपणहून मेला तर त्याच दिवशी त्याचे वेदीवर दहन करण्याची आज्ञाही आहे. डिलोस बेटावरील अपोलोच्या देवस्थानाचे हिशेब दगडावर कोरून ठेवीत. त्यांत जांभळा रंग देणाऱ्या शंखांच्या मासेमारीचे उत्पन्नही नोंदलेले आढळते. गोमंतकातील देवस्थानांच्या महाजनांना ह्या हिशेबी वृत्तीचे नवल वाटावयाचे नाही.

शापाच्या साहाय्याने कायदा राखण्याची ही पद्धत आपल्यासही अपरिचित नाही. शिलाहारकाळापासून कोकणात उभे असलेले गधेगाळ पाहावेत. दान मोडणाऱ्यास त्यांवर जो शाप कोरला आहे, त्याची भाषा सभ्य मासिकात छापण्याजोगी नाही. पण जेथे राजाचा शिपाई पोचत नव्हता तेथे तो शाप पोचत होता. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीचे मासे वरदायिनी देवीचे म्हणून आजही कोणी मारीत नाही. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातील मासे शंकराचे मानले जातात. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर भाविक माशांना मुरमुरे टाकतात. एलुसिसच्या ओहोळातील मासे आणि हे मासे ह्यांच्यात ऐतिहासिक संबंध काही नाही. परंतु माणसाने आपल्या हावेला घातलेले कुंपण दोन्हीकडे एकाच जातीचे आहे.

ऐतिहासिक संबंध पाहावयाचाच असेल तर तो अन्यत्र सापडतो. कंदाहार येथे १९५८ साली सम्राट अशोकाचा एक द्विभाषिक लेख उजेडात आला. त्यातील एक भाषा ग्रीक आहे. राजा प्राण्यांची हिंसा टाळतो आणि त्याच्या शिकाऱ्यांनी व मासेमारांनी आपला उद्योग सोडला आहे, असे त्यात नमूद आहे. एका हिंदी राजाने ग्रीक भाषेत ग्रीक प्रजेला मासेमारी थांबल्याचे कळवावे, हा योग असाधारणच म्हटला पाहिजे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर ठराविक पर्वतिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असा निर्बंध आहे. मंदिराच्या पाण्याला जशी स्थळाची मर्यादा, तशी ही काळाची.

आता भालेकऱ्याकडे वळू. त्याच्या उद्योगावर एक मर्यादा निसर्गानेच घातलेली होती: श्वास. होडीवरून मारताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. म्हणून दिसतो त्याच्या खाली नेम धरावा लागतो. पाण्यावरील तरंग शमविण्यासाठी पाणबुडे तोंडातून तेल सोडतात, असे प्लिनीने नोंदविले आहे. पुढे तळाशी काच बसविलेली बादली आली. परंतु खाली उतरावयाचे झाल्यास छातीत मावेल तेवढ्याच हवेवर. कालिम्नोस आणि सिमी ह्या बेटांवरील स्पंज काढणारे पाणबुडे हातात जड, चपटी शिळा धरून तळ गाठीत आणि दोरीने वर ओढले जात. १९१३ साली सिमीच्या स्टॅथिस हॅट्झिस ह्या पाणबुड्याने कार्पाथोसजवळ सत्तर मीटरांहून अधिक खोलीवर अडकलेला इटालियन युद्धनौकेचा नांगर अशाच रीतीने एका श्वासावर शोधून दिला.

तोपर्यंत यंत्र येऊन ठेपले होतेच. १८६३ च्या सुमारास सिमी बेटावर शिरस्त्राणाचा, रबरी नळीने हवा पुरविणारा पोशाख आला. पाणबुडा तासन्तास खाली राहू लागला. बेटे श्रीमंत झाली. आणि किनाऱ्यावर लुळ्यापांगळ्या तरुणांची रांग लागली. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली ग्रंथरूपाने मांडले. परंतु शास्त्र बेटावर पोचण्याआधी यंत्र पोचले होते. ह्याच पोशाखात १९०० साली सिमीच्या पाणबुड्यांना अँटिकिथेराजवळ बुडालेल्या जहाजातील पुतळे सापडले, आणि त्याच मालातून ते प्रसिद्ध दातेरी खगोलयंत्र निघाले. तेव्हा यंत्राने दिलेही पुष्कळ. प्रश्न एवढाच की, श्वासाची मर्यादा यंत्राने काढून घेतली. तिच्या जागी दुसरी कोणी घातली नाही. दुष्परिणाम प्रथम माणसाने भोगले, मग समुद्राने.

सुटीतील भालामारी हा ह्या कथेचा शेवटचा अध्याय. तो १९३० नंतर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सुरू झाला. गाय गिलपॅट्रिक ह्या अमेरिकन लेखकाने पाण्यात घालण्याचे चष्मे आणि भाला घेऊन त्याची आवड पसरविली. लुई द कोर्लिये ह्याने १९३३ साली पायांत घालावयाच्या रबरी पंखांचे पेटंट घेतले. गिलपॅट्रिककडून ही कला शिकलेला ऑस्ट्रियन हान्स हास १९४२ साली एजियन समुद्रात आला तो चित्रीकरणासाठी. पुढे त्याने भाला ठेवून कॅमेराच जवळ केला. युद्धानंतर बेटांवर पर्यटक येऊ लागले आणि रबराच्या ताणावर भाला सोडणारी बंदूक त्यांच्याबरोबर आली. ग्रीक लोक तिला 'प्सारोतुफेको', म्हणजे मत्स्यबंदूक, म्हणतात. त्यातील 'तुफेकी' हा शब्द तुर्कीतून आला. आणि फारसीतील 'तुफंग' त्याचाच सोयरा.

अशा प्रवाशाचा एक दिवस कसा जातो? उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो. म्हणून बेटाच्या आडोशाची दक्षिणेकडील खाडी गाठावयाची. काचेचा मुखवटा, श्वास घेण्याची नळी, कमरेला शिशाचा पट्टा आणि हातात भाला. काचेतून पाण्याखालची वस्तू असते त्याहून सुमारे तृतीयांशाने मोठी दिसते. म्हणून नवशिक्याची फुशारकी वर आल्यावर एकदम आटते. तीन-चार मीटर पाण्यात पोसायडनचेच नाव धारण करणारे समुद्रतृण डुलत असते. खडकाआड निश्चल पडून राहावे. धावणाऱ्यापासून मासा पळतो, स्थिर असणाऱ्याकडे तो कुतूहलाने येतो. एखादा मिनिट श्वास रोखून मासा न आल्यास रिकाम्या हाताने वर यावे. दुपारपर्यंत एक-दोन मासे आणि बिळातील एखादा अष्टपाद. तो खडकावर आपटून मऊ केला जातो आणि दोरीवर वाळत घातला जातो. मांसाहाराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. परंतु एका माशासाठी एकदा श्वास पणाला लावणारा हा मनुष्य आणि मैलभर जाळे ओढणारी नौका ह्यांना एकाच तागडीत घालणे न्यायाचे होणार नाही.

तथापि भालेकऱ्यालाही निर्दोष म्हणता येत नाही. जाळे आंधळे असते, भाला डोळस. आणि डोळस मनुष्य सर्वांत मोठा मासा निवडतो. भूमध्य समुद्रातील 'रोफोस' हा मासा आपल्याकडील हेकरू अथवा गोबरा ह्यांच्या कुळातला. तो सावकाश वाढतो, आपल्या गुहेला चिकटून राहतो, जन्मतः मादी असतो आणि पुष्कळ वर्षांनी मोठा झाल्यावर नर होतो. मोठे मासे वेचून मारले की नरच संपतात. ह्याच गटातील 'खाना' नावाचे मासे जेव्हा पाहावे तेव्हा गाभोळीसह सापडतात, नर दिसतच नाही, असे ॲरिस्टॉटलने नमूद करून ठेवले होते. कोडे त्याने बरोबर टिपले; उत्तर मिळण्यास दोन सहस्रकांहून अधिक काळ लागला. रोफोस आज आंतरराष्ट्रीय सूचीत संकटग्रस्तांपैकी गणला जातो.

म्हणून ग्रीसच्या राष्ट्रपतींच्या १९८५ च्या हुकूमनाम्याने हौशी भालेकऱ्यावर निर्बंध घातले: हवेची टाकी पाठीवर घेऊन शिकार करावयाची नाही, सूर्यास्तानंतर करावयाची नाही, मे महिन्यात करावयाची नाही, आणि दिवसाला ५ किलोंपर्यंतच मासळी, अथवा त्याहून जड असल्यास एकच मासा. ह्यांत काळाची आणि साधनाची मर्यादा उघड आहे. विशेष हे की, कायद्याने भालेकऱ्याला त्याचा श्वास परत केला. यंत्राने काढून घेतलेली मर्यादा शब्दाने पुन्हा घातली.

दरम्यान समुद्रच बदलत आहे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातील आणि हिंदी महासागरातील मासे त्या वाटेने भूमध्यात शिरत आहेत. पाणी तापत गेल्याने त्यांना ते मानवते. त्यांपैकी शैवाल खाणाऱ्या काही जातींनी दोदेकानीज बेटांजवळचे खडक उघडे पाडले. २०१५ च्या सुमारास विषारी काट्यांचा सिंहमासा रोड्सजवळ आढळला आणि झपाट्याने पसरला. तो जाळ्यात सहसा येत नाही. भाल्याला मात्र सहज सापडतो. ज्या हत्यारावर काल बंदी मागत होते, त्याचीच आज मदत घ्यावी लागत आहे. साधन चांगले की वाईट, हे साधनावर ठरत नाही. कोणता मासा, किती आणि कधी, ह्यावर ठरते.

शेवटी मालकीचा प्रश्न. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियनने प्रसिद्ध केलेल्या विधिग्रंथात मासा कोणाचाच नाही. जो प्रथम पकडील त्याचा, असे ठरविले आहे. भाला लागला पण निसटला, तर? घायाळ करणारा पाठलाग करीत असेतोवर शिकार त्याचीच, असे काही जुन्या विधिज्ञांचे मत होते. पण प्रत्यक्ष हाती आल्याखेरीज नाही, हाच निर्णय कायम झाला. त्याच ग्रंथात मात्र समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा म्हटला आहे. एकेक मासा पकडणाऱ्याचा, पण समुद्र सर्वांचा: ह्या दोन वाक्यांतील भांडण दीड हजार वर्षे चालू आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात १९९६ साली दुसऱ्या वाक्याचा आधार घेतला आणि शासन हे निसर्गसंपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, असे सांगितले. विश्वस्त ही कल्पना मंदिरवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. देवाच्या नावे असलेल्या जमिनीचा खाता येतो तो प्रसाद. ती जमीन विकून खाता येत नाही.

प्लेटोने रात्रीच्या अग्नीने होणाऱ्या मासेमारीचा वेगळा वर्ग केला होता. तो अग्नी आज एल. ई. डी. दिव्यांच्या रूपाने आपल्याच किनाऱ्यावर आलेला आहे. प्रखर प्रकाशाने लहानमोठी सारी मासळी एका ठिकाणी गोळा करून उपसणाऱ्या ह्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरी गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या रापणकरांची तक्रार थांबलेली नाही. बंदी कागदावर असते, समुद्र अंधारात असतो. पावसाळ्यातील ६१ दिवसांच्या बंदीला नारळी पौर्णिमेच्या संस्काराचे बळ आहे. समुद्राला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी लोटू नये, हे कोळ्याला कोणी कलमाने शिकविलेले नाही. दिव्यांच्या बंदीला तसे बळ अद्याप मिळालेले नाही. ते देणे न्यायालयाच्या हाती नाही. ते गावाच्या, महाजनांच्या, देवळात जमणाऱ्या माणसांच्या हाती आहे. स्मिर्नाच्या शिळेने आणि आपल्या गधेगाळाने जे काम शापाने केले, ते आज शापाने होणार नाही. पण गावाने एकमुखाने 'हे आपल्याकडे चालणार नाही' असे म्हटले, तर त्या शब्दाची धार कोणत्याही त्रिशूळाहून कमी असावयाची नाही.